दाराचं लॅच आणि तुमचं 'असो'

सहकारनगरहून एक भाऊ लिहितात: "धाकटी बहीण २९ वर्षांची, हिंजवडीत नोकरी. २०२१ मध्ये बाबा गेले, त्यानंतर ती एका साधना-परिवारात जायला लागली. आधी रविवारचं ध्यान, मग शिबिरं, आता मुक्कामच त्यांच्या बंगल्यावर. पगारही तिकडेच. पहाटे साडेतीनला उठते, दर गुरुवारी मनात येईल ते सगळं वहीत लिहून देते. तिथल्या बाईंना 'मोठी आई' म्हणते, सख्ख्या आईला मात्र महिनोन्‌महिने फोन नाही. बाबांच्या श्राद्धालाही आली नाही. मध्यंतरी आम्ही दाराचं लॅच बदलून घेतलं. असो. पोलिसांत जावं, की मावसभाऊ म्हणतो तसं तिला सरळ उचलून आणावं?"

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. साडेतीन पानं त्या 'मोठ्या आई'ची, आणि लॅच एका ओळीत उरकलंय. मी त्या एका ओळीवरच अडकले. घरात चोरी झाली नव्हती, लॅच बिघडलं नव्हतं. घराबाहेर राहणाऱ्या एकाच माणसाकडे त्याची चावी होती, आणि ते माणूस म्हणजे तुमची बहीण. वर 'असो'! भाजीत मीठ जास्त झालं तर म्हणावं असो.

त्या बंगल्यावर तिला काय ऐकवलं असेल, हे मला तिथे न जाताही सांगता येईल, कारण ही मंडळी कुठल्याही देशातली असोत, एवढं एक वाक्य त्यांच्याकडे हमखास असतं. 'तू बदलायला लागलीस की घरचे बिथरतील. आधी समजावतील, मग रागावतील, शेवटी दार लावून घेतील. तेव्हा कळेल तुझं कोण ते.' असलं भाकीत करायला कसलीही सिद्धी लागत नाही. घरचे ते आपण होऊन खरं करतात. तुमच्या खर्चाने त्या बाई अंतर्ज्ञानी ठरल्या.

तुमची बहीण मूर्ख आहे, असं पत्रात तीनदा आलंय. नाही. बाबा गेले तेव्हा आईला तुम्ही होतात, तुम्हाला बायको होती. तिला कोण होतं? तिथे कुणीतरी तिचं नाव लक्षात ठेवलं, डबा आणला, रात्री अकराला फोन करून 'जेवलीस का' विचारलं. पहिले काही महिने नुसता प्रेमाचा मारा असतो, मागत कुणी काहीच नाही. मागणी नंतर सुरू होते, आणि एकेक पायरी इतकी बुटकी असते की चढल्याचं कळत नाही.

ती वहीही साधी समजू नका. १९५० च्या दशकात चीनमध्ये 'विचारसुधारणा', म्हणजे दडपण आणून माणसाची मतंच बदलायला लावण्याचा प्रकार, सोसून बाहेर आलेल्या लोकांशी रॉबर्ट लिफ्टन हा अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ तासन्‌तास बोलला, आणि माणसाचं मन ताब्यात घेण्याच्या आठ खुणा त्याने १९६१ मध्ये मांडल्या. सतत कबुल्या द्यायला लावणं ही त्यातली एक. आज मन मोकळं झालं असं वाटतं. उद्या तिने शंका काढली की त्याच वहीतलं पान तिच्यासमोर उघडतं. दादा काय म्हणाला, आई कशी वागली, तिला स्वतःला कशाची लाज वाटते, सगळं त्यांच्या कपाटात आहे.

आणि साडेतीनची पहाट. अमेरिकेतला स्टीव्हन हसन १९७४ मध्ये, कॉलेजात असताना, सन म्युंग मून यांच्या पंथात ओढला गेला. १९७६ मध्ये झोप नसल्यामुळे गाडी चालवता चालवता त्याचा डोळा लागला आणि गाडी ट्रकवर आदळली. हॉस्पिटलमधून त्याने फोन केला तो बहिणीला. तिने त्याच्या पंथाला कधी नावं ठेवली नव्हती. भाच्याने मामाला बघावं, एवढंच म्हणून तिने त्याला घरी बोलावलं. मग घरच्यांनी पंथ सोडलेल्या माणसांशी त्याची गाठ घालून दिली, आणि तो सुटला. पुढे इतरांना सोडवणं हेच त्याचं काम झालं. आता विचार करा, तुमच्या बहिणीला उद्या काही झालं, तर ती फोन कुणाला करील?

पोलिसांचं म्हणाल तर ती सज्ञान आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराच्या नावाने फसवणाऱ्यांसाठी, भूत उतरवायला मारझोड करणाऱ्यांसाठी आहे. आपखुशीने पगार देणाऱ्या बाईला घरी आणून बसवायला तो नाही. उचलून आणण्याचा प्रयोग १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या पालकांनी करून पाहिलाय. पैसे देऊन मुलं पळवून आणायची, खोलीत कोंडून समजवायची. काही मुलं परत त्याच दारात गेली, काही प्रकरणं कोर्टात. मावसभावाला म्हणावं, गाडीची चावी खिशातच ठेव.

माझ्या एका मैत्रिणीला मी फार वर्षांपूर्वी ऐकवलं होतं, 'ते किंवा मी, निवड.' तिने निवडलं.

तेव्हा तुम्ही एकच करायचंय. उद्या त्या लॅचची दुसरी चावी करून घ्या. फुटपाथवरचा चावीवाला दहा मिनिटांत देतो. बंगल्यावर जाऊ नका. हिंजवडीला तिच्या ऑफिसखाली जेवणाच्या सुट्टीत जा, एकटे. चावी हातात द्या आणि म्हणा, 'ही तुझी. माझं चुकलं.' मोठी आई, पगार, श्राद्ध, आईचं बीपी, यातला एक शब्दही नको. ती कदाचित घेणार नाही, तुम्हाला पाठ केलेलं काहीतरी ऐकवेल. वाद न घालता ऐका, चहा पाजा, पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

आणि आईंना आजच सांगा, रात्री झोपताना आतून कडी लावायची नाही. तिच्याकडे चावी असेल आणि आत कडी असेल, तर ती जिन्यातूनच परत जाईल.