समासातल्या गोगलगायी आणि सूड घेणारे ससे : तुमचे प्रश्न

मध्ययुगीन युरोपातल्या हस्तलिखितांमधल्या विचित्र प्राण्यांबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतो.

प्रश्न: चिलखत घातलेला नाईट चक्क गोगलगायीपुढे गुडघे टेकतोय, ह्याचा अर्थ काय?

ही चित्रं पानाच्या समासात, म्हणजे मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागेत, काढलेली असतात; १३०० च्या आगेमागे फ्रान्स, फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमच्या बाजूचा प्रदेश), इंग्लंडमधे भरपूर सापडतात आणि एकच पक्कं उत्तर आजही नाहीये. १९६२ मधे लिलियन रँडल ह्या अभ्यासक बाईंनी मांडलं की ही गोगलगाय म्हणजे लोम्बार्डांची, म्हणजे उत्तर इटलीतून आलेल्या सावकारांची टिंगल असावी कारण लोक त्यांना भित्रे समजायचे. मला हे अर्धंच पटतं, कारण चित्रात घाबरलेला नाईट असतो, गोगलगाय नाही! पाठीवर चिलखत वागवणारा पण बोट लावलं की आत शिरणारा जीव समोर उभा केला की शौर्याची सगळी हवाच निघून जाते. आपली "गोगलगाय अन् पोटात पाय" इथे लावू नका, तो अर्थ वेगळा.

प्रश्न: आणि ससे माणसांना का मारतात?

स्मिथफील्ड डिक्रीटल्स नावाची प्रत बघाच, त्यात ससे शिकाऱ्याला बाण मारतात, बांधून नेतात, खटला चालवतात आणि मुंडकं उडवतात. ही उलटी दुनिया आहे, शिकार झालेलाच शिकारी. आणि मूळ पुस्तक चर्चच्या कायद्याचं, म्हणजे खटल्याचं चित्र कायद्याच्याच समासात, हे मला फार आवडतं.

प्रश्न: पेलिकन स्वतःची छाती फोडतो, तीही गंमतच का?

अजिबात नाही. चित्र समासात आहे की मजकुराबरोबर, हे आधी बघायचं. बेस्टिअरी, म्हणजे प्राण्यांवरच्या धार्मिक पुस्तकांत अर्थ लिहूनच दिलेला असतो, पेलिकन मेलेल्या पिल्लांना तिसऱ्या दिवशी आपल्या रक्ताने जिवंत करतो, म्हणजे तो येशू.

प्रश्न: हत्तीला गुडघेच नसतात असं लिहायचे, हत्ती कधी बघितलाच नव्हता का?

बहुतेकांनी नव्हताच, जुन्या ग्रंथात आहे म्हणून पुढचा तेच उतरवायचा. पण १२५५ मधे फ्रान्सच्या नवव्या लुईने इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला खराखुरा हत्ती भेट दिला, तो टॉवर ऑफ लंडनमधे ठेवला होता, आणि मॅथ्यू पॅरिस ह्या साधूने प्रत्यक्ष बघून त्याचं चित्र काढलं. त्या चित्रातल्या हत्तीला गुडघे आहेत.