निबिरू नावाचा लपलेला ग्रह खरंच पृथ्वीवर आदळणार आहे का?

नाही हो, निवांत झोपा. ही आवई आधी २००३ साठी उठली, मग तारीख ढकलून २१ डिसेंबर २०१२ केली. एवढं धूड जवळ आलं असतं तर गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसलं असतं. 'सूर्यामागे लपलाय' म्हणावं, तर पृथ्वीच सूर्याभोवती फिरते. लपणार किती दिवस? नासाच्या वाइज दुर्बिणीने अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशात अख्खं आकाश चाळलं. सूर्य-पृथ्वी अंतराच्या १०,००० पटींपर्यंत शनीएवढं काही सापडलं नाही.

'नववा ग्रह' ही भानगड वेगळी. नेपच्यूनपलीकडच्या काही पिंडांच्या कक्षा एकाच बाजूला कललेल्या दिसल्या, म्हणून २०१६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बॅटिगिन आणि ब्राउन (यातल्या ब्राउन यांच्याच शोधामुळे प्लूटोची ग्रहांच्या यादीतून गच्छंती झाली!) यांनी तिकडे एखादा न दिसलेला ग्रह असावा, असं सुचवलं. अजून कुणाला दिसलेला नाही, आणि असलाच तरी इकडे फिरकणार नाही.