पोस्ट उडाली, पण आदेश कुणाचा?

तुमच्या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत, आणि खालच्या प्रतिसादांत भलत्याच चौथ्या प्रश्नावर हाणामारी चालली आहे. मला समजले ते असे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पाणीटंचाईवर तुम्ही एक पेज चालवता. टँकर भरताना रस्त्यावर पाणी वाहून जात असल्याचा व्हिडिओ टाकलात. काही तासांत त्या जागी ‘कायदेशीर विनंतीवरून हा मजकूर भारतात उपलब्ध नाही’ अशी पाटी आली. मग कुणीतरी फोन करून ‘बाकीचेही काढून टाका’ म्हणाले. तुम्ही विचारता: अ‍ॅडमिन म्हणून मला अटक होईल का, ही सेन्सॉरशिप आहे का, आणि आता काय करू? खाली एक सदस्य म्हणतो सोशल मीडियाला वेसण हवीच, दुसरा म्हणतो सरकारने इंटरनेटला हातच लावू नये.

आधी भीती काढू. ‘ग्रुपमध्ये कुणी काही टाकले की अ‍ॅडमिन आत’ हे चहाच्या टपरीवरचे कायदेशास्त्र आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले की, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन माणसे घेऊ शकतो आणि काढू शकतो. दुसऱ्याने काय लिहावे यावर त्याचा ताबा नसतो, म्हणून समान हेतू दिसल्याशिवाय सदस्याच्या पोस्टसाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. पण ही ढाल तुमच्या कामाची नाही, कारण व्हिडिओ तुम्हीच टाकला आहे. तुमची ढाल वेगळी आहे. अफवेसाठी हल्ली भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ दाखवले जाते, आणि त्या कलमातच अपवाद लिहिलेला आहे: मजकूर खरा आहे असे मानायला वाजवी कारण असेल आणि तो सद्‌हेतूने दिला असेल तर गुन्हा होत नाही. म्हणून मोबाइलमधली मूळ क्लिप पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली प्रत उपयोगाची नाही. तारीख-वेळ शाबूत असलेली मूळ फाइल हवी.

कुणी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ चे, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणाऱ्या कलमाचे, नाव घेतलेच तर शांतपणे सांगा की ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले आहे. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तिथून ते प्रकरण तापले. गंमत अशी की रद्द झाल्यावरही कित्येक वर्षे त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले. मेलेले कलम आपल्याकडे लवकर स्मशानात जात नाही.

आता मुद्द्याचे. पोस्ट उतरवण्याचे सरकारकडे मुख्यतः दोन रस्ते आहेत, आणि बातम्या देणारे बहुतेक जण त्यांची खिचडी करतात.

पहिला रस्ता माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ चा. देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था अशी मोजकी कारणे त्यात आहेत. समिती बसते, कारणे लेखी द्यावी लागतात. २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ अ‍ॅप बंद झाली ती याच कलमाखाली. श्रेया सिंघल निकालात ६६ अ गेले पण ६९ अ टिकले, ते या बंधनांमुळेच. टँकरचे पाणी यातल्या कोणत्या कारणात बसते, हे मला कुणी समजावून सांगावे.

दुसरा रस्ता कलम ७९ (३) (ब) चा. कलम ७९ कंपन्यांना संरक्षण देते: लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी तुम्हाला पकडणार नाही. पण मजकूर बेकायदा असल्याचे सरकारने कळवले आणि तरी तो काढला नाही, तर हे संरक्षण जाते. म्हणजे सरकार थेट ‘काढा’ म्हणत नाही, ‘नाही काढले तर तुमचे तुम्ही बघा’ म्हणते. या रस्त्यावर समिती नाही. २०२४ मध्ये गृह मंत्रालयाने यासाठी ‘सहयोग’ पोर्टल आणले. एक्स कंपनी त्याविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेली आणि २४ सप्टेंबर २०२५ रोजी हरली.

त्या निकालातला एक मुद्दा तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. न्यायालयाने म्हटले, अनुच्छेद १९ चे भाषणस्वातंत्र्य नागरिकांना आहे. परदेशी कंपनी ते मागू शकत नाही. ठीक, कायद्याच्या अक्षराप्रमाणे बरोबर. मग भांडायचे कुणी? नागरिकाने, म्हणजे तुम्ही. पण आदेश जातो कंपनीला, तुम्हाला त्याची प्रत मिळत नाही. कोणत्या अधिकाऱ्याने काढला, कोणत्या कायद्याचा भंग झाला, काही माहीत नाही. ज्याच्याकडे कागद आहे त्याला हक्क नाही आणि ज्याला हक्क आहे त्याच्या हातात कागद नाही. माझा सगळा राग इथे आहे. ‘स्वातंत्र्य किती असावे’ या वादात मला तितका रस नाही.

माझा धंदा छपाईचा. नवी पेठेत लग्नपत्रिकांपासून निवडणुकीच्या हँडबिलांपर्यंत सगळे छापून झाले आहे. साध्या पत्रकावरही खाली मुद्रकाचे नाव आणि ठिकाण टाकण्याचा नियम १८६७ च्या कायद्यापासून आमच्या मानेवर बसला. निवडणुकीचे पत्रक असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावे-पत्ते, प्रकाशकाचे दोन साक्षीदारांसह घोषणापत्र, वर छापलेली प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे. आम्ही कधी कुरकुर केली नाही. बोलणाऱ्याने नाव सांगावे हे रास्त आहे. मग बोलणे बंद करणाऱ्याच्या कागदावरही तळाला नाव नको का?

इथे सरकारच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. १५ नोव्हेंबर २०२५ पासून या दुसऱ्या रस्त्याचा नियम, २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला ३ (१) (ड), बदलला. आता असे पत्र सहसचिव किंवा त्या दर्जाचा, आणि तसा नेमलेला नसेल तर संचालक दर्जाचा अधिकारीच पाठवू शकतो, पोलिसांच्या बाबतीत खास अधिकार दिलेला किमान उपमहानिरीक्षक. कायद्याचा आधार, बेकायदेशीर काय आहे आणि नेमकी लिंक लिहावी लागते. सचिव दर्जाचा अधिकारी दर महिन्याला आढावा घेतो. सुधारणा खरी आहे. तुम्हाला आलेला तो फोन या नियमात कुठेच बसत नाही, हेही त्यातून समजते. पण ज्याची पोस्ट गेली त्याला कळवा, एवढी एक ओळ तिथेही घातली नाही. आढावा घेणार सरकारच, सरकारच्याच पत्रांचा.

आणि मग वेळेचा प्रश्न. २०२१ च्या नियमांत कंपनीला ३६ तास होते. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ते ३ तासांवर आणले. डीपफेकसाठी घाई हवी हे मान्य; एखाद्या मुलीचा बनावट व्हिडिओ फिरत असेल तर ३ तासही जास्तच. पण तीच घाई टँकरच्या व्हिडिओलाही लागते. ३ तासांत कोणती कंपनी वकिलाला विचारणार? अशोक चौकातला माणूस एका वाक्यात मराठी, तेलुगू आणि दखनी मिसळून महापालिकेवर वैतागतो. त्यात धमकी कुठली आणि थट्टा कुठली हे सातासमुद्रापलीकडच्या यंत्राला कसे कळणार? ते कळून घेण्यात कंपनीचा फायदाही नाही. तुमच्या पेजमधून तिला मिळतात चार पैसे, आणि संरक्षण गेले तर कोर्टकचेरी. ती काढूनच टाकणार.

‘हातच लावू नये’ म्हणणाऱ्या मित्राला आता विचारतो. ‘सोलापुरी चादर, कारखान्यातून थेट’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतीलच. आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि तरी त्या नावाने भलत्याच गावचा भलताच माल ऑनलाइन विकला जातो. त्या जाहिरातीचे पैसे कंपनीने मोजून घेतलेले असतात. ‘आम्ही फक्त फळा दिला, लिहिले दुसऱ्याने’ हा बचाव इथे मला मान्य नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याची माहिती आणि मालाचा मूळ देश दाखवायचे बंधन आहे. ते कडक राबवा, दंड लावा, मी टाळ्या वाजवीन. गुंतवणुकीच्या खोट्या जाहिराती, लोन अ‍ॅप, सगळ्यांना वेसण घाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरचे विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. तो कायदा चांगला की वाईट ते बाजूला ठेवा. मनात आणले तर सरकारला कंपन्यांच्या धंद्यावर तीन दिवसांत हात टाकता येतो एवढे दिसले. मग पोस्ट लिहिणाऱ्याला आदेशाची प्रत देणेच काय ते अवघड?

युरोपात हे होते. तिथल्या डिजिटल सेवा कायद्यात, जो फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू आहे, मजकूर काढला की ज्याचा आहे त्याला स्पष्ट कारण द्यावे लागते, आणि दाद कुठे मागायची तेही सांगावे लागते. त्या कायद्यातले सगळे इथे आणा असे मी म्हणत नाही. हे एक कलम आणा.

‘वेसण हवीच’ म्हणणाऱ्या सदस्याने सोलापूरचा हवाला दिला आहे, की हे संवेदनशील शहर आहे, अफवा परवडत नाहीत. बरोबर. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून काय झाले आणि इंटरनेट बंद करावे लागले, ते आपण पाहिले. पण सोलापूरचा हवाला द्यायचाच तर पूर्ण द्या. मे १९३० मध्ये इथे लष्करी कायदा लागला, गांधी टोपी घालायलाही बंदी आली. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा फासावर गेले. त्यातले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत. टोपीबंदीचा तो हुकूम जुलमी होता, पण जाहीर होता. टोपी घालणाऱ्याला आपण कोणता हुकूम मोडतो आहोत हे ठाऊक होते, म्हणून तो छाती काढून मोडू शकत होता. आज तुम्ही काय मोडले, हेच तुम्हाला सांगता येत नाही. उद्या लोकशाहीतला अधिकारी योग्य कारणानेही पोस्ट काढेल. पण कारण झाकून ठेवले की योग्य आणि अयोग्य सारखेच दिसतात.

‘आवाज करून काही होत नाही’ असे कुणीतरी लिहिले आहे. होते की ओ! सरकारविषयीची बातमी खोटी की खरी हे सरकारचेच फॅक्ट चेक युनिट ठरवणार, असा नियम २०२३ मध्ये आला. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले, दोन न्यायमूर्तींची मते फुटली, तिसऱ्या न्यायमूर्तींनी सप्टेंबर २०२४ मध्ये नियम घटनाबाह्य ठरवला. प्रत्येक नव्या फोनमध्ये सरकारचे संचार साथी अ‍ॅप आधीच घालायचा आदेश आरडाओरड झाल्यावर ३ डिसेंबर २०२५ ला मागे घेतला गेला. दोन्ही वेळा कागद लोकांसमोर होता, म्हणून ओरडता आले.

आता तुम्ही करायचे ते. पाटीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा आणि नेमके चार मुद्दे मागा: पत्र कोणत्या कार्यालयाचे, कोणत्या कलमाखाली, तारीख कोणती, माझा मजकूर कोणत्या कायद्याविरुद्ध. त्याने ७ दिवसांत निकाल द्यायचा असतो. उत्तर गुळमुळीत आले तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करा. ती समितीही सरकारनेच नेमलेली आहे, तेव्हा फार आशा धरू नका, पण पुढे कोर्टात ‘आधी तिकडे का नाही गेलात’ हा प्रश्न येत नाही. माहिती अधिकारही टाका. ६९ अ चा आदेश असेल तर गोपनीयतेचा नियम पुढे करतील, पण नकारही लेखी असतो आणि तो कामाला येतो.

कोर्टाची पायरी आता पूर्वीइतकी लांब नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात आहे आणि सोलापूर जिल्हा त्याखाली येतो. रिटसाठी मुंबईच्या गाडीचे तिकीट काढायची गरज नाही. फक्त एका व्हिडिओसाठी एकट्याने जाऊ नका. ज्यांच्या पोस्ट अशाच गेल्या ते दोघेतिघे शोधा, वकिलाचा खर्चही वाटला जाईल.

पुन्हा फोन आला तर नाव आणि हुद्दा विचारा, ‘लेखी पाठवा, लगेच उत्तर देतो’ म्हणा, आणि फोन ठेवल्यावर तारीख-वेळ वहीत लिहा. उर्मटपणा नको. पोलीस ठाण्यातून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) ची, म्हणजे हजर राहण्याची, लेखी नोटीस आली तर मात्र टाळू नका, वकिलाला घेऊन हजर राहा. आणि तीच क्लिप दुसऱ्या खात्यावरून टाकायचा मोह आवरा, दोन्ही खाती जातील. पाणी कुठल्या रस्त्यावर वाहत होते, किती वाजता, टँकरचा नंबर काय आणि त्या गल्लीत नळाला कितव्या दिवशी पाणी आले, हे चार ओळींत लिहून टाका. रहिवाशांचे चेहरे आणि फोन नंबर मात्र त्यात येऊ देऊ नका.