डोंगर-पाण्याची वाट धरण्याआधी

डोंगरात धावायला सुरुवात करतोयस, तर पहिल्याच रविवारी वीस किलोमीटरची वाट आखू नकोस. सपाटीवरचा तुझा वेग इथे विसरायचा. डोंगरात अंतराइतकाच चढही मोजावा लागतो: १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचा साधारण १ किलोमीटर जादा, असा ठोकताळा आहे. ८ किलोमीटरच्या वाटेत ४०० मीटर चढ असेल, तर ती १२ किलोमीटरची समजून निघ. नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाटल्या की चढ तीव्र; तिथे धावणं सोडून खुशाल चालायचं, लाज कसली!

खरा दणका उतारावर बसतो. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, म्हणून ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतो. पावलं छोटी आणि भरभर टाक.

जलाशयाच्या काठची वाट सपाट म्हणून सोपी वाटते. पण पाणी प्रत्येक घळीत शिरलेलं असतं. हाकेच्या अंतरावरचा समोरचा काठ गाठायला दोन-तीन किलोमीटरचा वळसा पडतो. पातळी उतरली की मधून कापून जायचा मोह होतो. मलाही झाला होता. वरचा थर वाळलेला, खाली गाळ. गुडघ्यापर्यंत रुतलो, पाय निघाला, बूट तिथेच राहिला.

नदीशी मात्र मस्ती नको. वर धरण असेल तर पाऊस नसतानाही पाणी वाढू शकतं. वेगाचं पाणी गुडघ्यापर्यंत आलं तरी परत फिर. आणि निघण्याआधी घरी मार्ग सांगून ठेव, दरीत रेंज मिळेलच असं नाही.