ब्रिटिशांनी समुद्रापार वसाहती कशासाठी वसवल्या? धर्मासाठी की पैशासाठी?

बहुतेक ठिकाणी पैशासाठीच. धर्म आणि राजाची शान तोंडी लावायला. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधले प्युरिटन, म्हणजे धर्मशुद्धी मागणारे कडवे इंग्रज प्रोटेस्टंट, हा अपवाद, तोही अर्धाच.

बार्बाडोस बघा. कॅरिबियनमधलं जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचं बेट. इंग्रजांनी तिथे १६२७ मध्ये वस्ती केली. आधी तंबाखू लावली, पण अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीच्या मालापुढे ती टिकेना. १६४०च्या दशकात ऊस आला आणि सगळं पालटलं. तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घसरतो, हे आपल्याकडच्या ऊसवाल्यांना सांगायला नको. म्हणून चरक आणि कढया मळ्यातच, आणि हंगामात रात्रंदिवस गाळप. एवढे मजूर आणायचे कुठून? आफ्रिकेतून, गुलाम करून. शिवाय १६६०च्या नौकानयन कायद्याने ही साखर इंग्लंड किंवा इंग्रजी वसाहती सोडून दुसरीकडे पाठवायलाच बंदी घातली. म्हणजे उत्पादन, जहाज, बाजार, जकात सगळं घरातच.

हेतूबद्दल अजून शंका असेल तर १८३३चा गुलामगिरीबंदीचा कायदा बघा. त्यात भरपाईपोटी २ कोटी पौंड मंजूर झाले, तेही मालकांना. राबलेल्यांच्या हाती छदामही पडला नाही.