वडील गेले तेव्हा रडलो नाही, मग मित्रासाठी का?

"वडील गेले तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आणि मित्राला जाऊन तीन महिने झाले तरी रोज रडू येतं. माझं काही बिघडलंय का?"

थोड्याफार फरकानं हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. कधी वडिलांच्या जागी नवरा असतो, कधी सासू. विचारणारं माणूस बहुधा साठीच्या पुढचं, आणि विचारताना ओशाळलेलं. या वेळी समोर होते बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांच्या संमतीनं लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांना घेऊन आल्या होत्या त्यांच्या पत्नी. जेवण निम्म्यावर आलेलं, पहाटे तीनला जाग, मधुमेहाच्या गोळ्या विसरायला लागलेल्या. "घरातलं माणूस गेल्यासारखं करताहेत," त्या म्हणाल्या. आवाजात काळजी होती, थोडा वैतागही.

दोस्ती आठवीपासूनची. १९७५ ची दहावी, म्हणजे नव्या पॅटर्नची पहिलीच बॅच. "सरकारनं आमच्यावर प्रयोग केला" हा दोघांचा जन्मभराचा विनोद. तीन वर्षं एक बाक आणि दोघांत मिळून एक कंपासपेटी. पुढं एक बँकेत लागला, दुसरा एसटीत. बदल्या झाल्या, लग्नं झाली, पण रात्री साडेआठचा फोन कधी चुकला नाही. एवढं बोलायचात काय, असं मी विचारलं. "काही नाही हो. पाऊस, गुडघे, डेपोतल्या भानगडी."

आधी मी रुक्ष वाटणारे प्रश्न विचारून घेतले. झोप, भूक, दारू, आणि स्पष्ट शब्दांत, जीव द्यावा असं मनात येतं का. येत नव्हतं. नातवाबरोबर ते हसत होते, घरची बँकेतली कामं नीट करत होते. साखर तपासायला त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दुःख आजाराच्या पातळीवर गेलं असं म्हणायला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिने धरतात, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत मोठ्या माणसांसाठी एक वर्ष. तेही नुसत्या दिवसांवर ठरत नाही. माणूस रोजच्या व्यवहारातून उठला आहे का, हे पाहावं लागतं. तीन महिन्यांचं रडू त्यात बसत नाही. मात्र जगणं नकोसं वाटत असेल तर महिने मोजत बसू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

मग वडिलांचं काय? ते दोन वर्षं अंथरुणावर होते. हे थोरले. तिरडीच्या सामानापासून बाराव्याच्या जेवणापर्यंत सगळं यांच्या अंगावर, वर बहिणींना सावरायचं. रडायला सवड कुठं होती? त्या रात्री स्मशानातून घरी सोडायला आला होता तो हाच मित्र. वडिलांना 'काका' म्हणणारा, त्यांच्या हातचा मार खाल्लेला दुसरा माणूस. आताच्या रडण्यात वडिलांचाही वाटा असेल, एवढंच मी म्हणालो. ते बराच वेळ गप्प होते.

खरी अडचण मला वेगळीच दिसली. आपल्याकडे दुःखाच्या रांगा ठरलेल्या असतात. मित्राचं सुतक नसतं. भेटायला लोक येतात ते त्याच्या घरी, तुमच्या नाही. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली, दुपारी कुणीतरी आंब्याच्या पेटीचे भाव टाकले. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाची मांडणी केली: जे उघडपणे करायची मुभा समाज देत नाही, ज्याला मान्यताच नसते, असं दुःख. 'तुमचा काही सख्खा भाऊ नव्हता' हे वाक्य त्याचंच घरगुती रूप. 'मन रमवा' हा तर मला सगळ्यात निरुपयोगी सल्ला वाटतो.

मित्राच्या दहाव्याचा प्रसंग त्यांनी तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगितला. कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवलेले, कावळे झाडावर, एकही खाली येईना. मुलानं हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. पुतण्यानं घराचं सांगितलं. तास गेला, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. हे मागं, चपला काढल्या होत्या तिथं उभे. "मला माहीत होतं हो त्याचा जीव कशात होता. धाकट्या बहिणीशी वाटणीवरून आठ वर्षं बोलणं नव्हतं. तिला फोन करायचा, असं जायच्या आठवड्यात मला म्हणाला होता. पण तिथं पुढं होऊन बोलायला मी कोण?"

कावळा का शिवला नाही, यावर मला मत नाही. पण हे वाक्य तीन महिने त्यांच्या घशात अडकून होतं, यात शंका नव्हती. आता ते कुणाला सांगावंसं वाटतं, असं विचारलं. सांगितल्यानं काय होईल, काय बिघडेल, यावर दोन भेटी गेल्या. भाऊबंदकीत बाहेरच्यानं पडावं का, ही त्यांची भीती रास्तच होती. ठरलं ते एवढंच: फक्त तो जे बोलला ते सांगायचं, समेटाचं काही बोलायचं नाही.

ते विट्याला जाऊन आले. बहीण आधी चिडली. "मग केला का नाही फोन? माझा नंबर होता की त्याच्याकडं." याला यांच्याजवळ उत्तर नव्हतं. मग तिनं चहा टाकला आणि विचारलं, शाळेत दादा कसा होता? संध्याकाळची शेवटची गाडी चुकेपर्यंत हे बोलत बसले.

रडू थांबलं असं नाही, कमी झालं. गोळ्या वेळेवर आहेत. साडेआठ वाजता अजून जड जातं. तेव्हा पत्नी मुद्दाम विचारतात, आज तुमच्या मित्रानं काय म्हटलं असतं? कधी उत्तर मिळतं, कधी नुसतंच "गप गं." बहीण मात्र आता सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी यांनाच फोन करते. ते वैतागतात, तिला कागद नीट ठेवता येत नाहीत म्हणून बोलतात आणि पुढच्या सोमवारी तिच्याबरोबर तहसील कार्यालयात जातात.