कडक भाकरी आणि ताळगावचा पाऊस

प्रश्न

ती. माईंस सा. न.

मी सांगोला तालुक्यातल्या एका वाडीवर राहते. वय एकवीस. यंदा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. घरची डाळिंबाची बाग आहे, बाबा माळकरी. गोवा विद्यापीठात सागर विज्ञानाच्या एम.एस्सी.ला माझा नंबर लागलाय. सोलापूरच्या विद्यापीठातही प्राणिशास्त्राला प्रवेश मिळतोय. घरचे म्हणतात, तुझं तू ठरव.

अडचण सांगायला लाज वाटते. अडचण पावसाची आहे.

कागदपत्रं दाखवायला जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि बाबा पणजीला आलो होतो. दोन दिवस होतो, दोन्ही दिवस पाऊस थांबला म्हणून नाही. विद्यापीठाच्या पठारावर बसमधून उतरले तोच छत्री उलटी झाली. पिशवीत पाणी शिरून बारावीच्या मार्कलिस्टचा कोपरा भिजला. लॉजच्या गादीला कुबट वास. रात्री धुतलेली ओढणी सकाळी तशीच ओली गळ्यात घालून निघाले. पत्र्यावर पावसाचा असा आवाज की शेजारच्या खाटेवरच्या बाबांशी ओरडून बोलावं लागत होतं. मी रडले. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत, पण परतीच्या गाडीत म्हणाले, “ज्याच्यासाठी आपण विठ्ठलाला हात जोडतो, त्याला तू भ्यालीस व्हय?” ते लागलंय मनाला.

पनवेलची मावशी म्हणते, चार महिने ऊन दिसलं नाही की माणूस वेडा होतो. लहानपणी मला धाप लागायची, आता बरीच वर्षं नाही. विभागात एका ताईंनी सूक्ष्मदर्शकाखाली समुद्राच्या पाण्याचा थेंब दाखवला, तेवढा वेळ मी पाऊस विसरले होते. बाकी सगळा वेळ इथून कधी निघतेय असं झालं होतं. इतकी पोरं तिथे राहतातच ना? मग मलाच असं का? येऊ का नको, सांगा.

– एक वाचक, सांगोला


उत्तर

बाळा, अंक छापून तुझ्या हाती पडेपर्यंत प्रवेशाची मुदत टळेल, म्हणून हे उत्तर तुला आधीच पाठवलं आहे. इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी. दर जुलैला घाटावरून अशी दोन-तीन पत्रं येतात. कुणी जेवणाचं विचारतं, कुणी कोकणी येत नाही म्हणून घाबरलेलं असतं. पावसाचं उघडपणे विचारणारी तूच पहिली.

मी मूळची बार्शीची. १९८७च्या जूनमध्ये लग्न होऊन पणजीजवळ सांताक्रुझला आले. ३० मेला गोवा राज्य झालं होतं, त्यामुळे घरात येणारा-जाणारा त्याच गप्पा मारायचा आणि नव्या सुनेकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. आईने बरोबर कडक भाकरीची चळत दिली होती, फडक्यात बांधून. आपल्याकडे ती आठवडेच्या आठवडे टिकते आणि मोडताना कट्कन आवाज येतो. इथे तिसऱ्या दिवशी मी गाठ सोडली, वरची भाकरी मोडायला गेले, तर ती मोडेचना. वाकली. जुन्या वहाणेच्या चामड्यासारखी दुमडून पुन्हा सरळ झाली. सासूबाई हसल्या, आणि मी न्हाणीघरात जाऊन भाकरीसाठी रडले. तेव्हा लॉजवर रडलीस त्याची मला काही सांगू नकोस.

आता बाबांच्या बोलण्याचं. त्यांना माझा नमस्कार सांग आणि विचार, बहार धरलेला असताना चार दिवस आभाळ भरून राहिलं, रिपरिप लागली, की ते विठ्ठलाला काय म्हणतात? तेल्या रोग येईल म्हणून डाळिंबवाला जितका आभाळाला भितो तितकं कुणी भीत नाही. त्यांच्या झाडाला जे मानवत नाही तेच तुला मानवलं नाही. तुमच्याकडे पाऊस येतो, इथे तो मुक्कामाला असतो. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. एकट्या जुलैत तुमच्या जिल्ह्याच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त. त्यातून तुम्ही आलात तेही नेमके मोसमी वाऱ्यांच्या भरात, आणि उतरलात विद्यापीठाच्या पठारावर, ताळगावच्या उघड्या कातळावर, जिथे जुवारी नदीकडून येणाऱ्या वाऱ्याला आडवं काही नाही. तिथे माझीही छत्री उलटते.

पण पत्र पुन्हा वाच. ओढणी, गादी, मार्कलिस्ट. तुला छळलं ते ओलीने. पावसाला आपण घराबाहेर ठेवू शकतो, ओल घरातच राहायला येते. एकोणतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात मी तिच्याशीच भांडले, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द हक्काने सांगते. हवेतली आर्द्रता बराच काळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते, आणि इथे पावसाळ्यात ती ऐंशी-नव्वदीत खेळते. आमचं पहिलं वर्ष असं गेलं की मी पुस्तकं नीट जपायची म्हणून लोखंडी कपाटात कोंबून कुलूप लावलं. गणपतीच्या सुट्टीनंतर उघडलं तर कापडी बांधणीच्या पुठ्ठ्यांवर हिरवट-पांढरी लव. बोट फिरवलं तर पीठ. आमचा जुना बाइंडर, मूळचा डिचोलीचा, त्याने मान हलवली आणि म्हणाला, बाई, पुस्तकाला श्वास लागतो. मग शिकले. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं. फळी गच्च भरायची नाही. बांधणीच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, नाहीतर बुरशीला ती खळ म्हणजे मेजवानी. आणि ज्या दिवशी बाहेर धो-धो चाललंय त्या दिवशी कपाटं उघडून ‘हवा लागू दे’ म्हणायचं नाही. लागते ती ओलच. उघडीप मिळाली की उघडायची. कोकणीत उन्हाला वोत म्हणतात. जुलैत अर्धा तास वोत पडलं की अख्खा वाडा उशा, चपला, पापड घेऊन अंगणात येतो. त्या अर्ध्या तासाला इथे जी किंमत आहे ती तुला सांगोल्यात कळणार नाही, तिथे ऊन फुकट आहे.

मावशींचं ‘वेड लागतं’ मी उडवून लावणार नाही. पण ते जुलैत होत नाही. जुलैत नवलाई असते, पाय घसरला तरी हसू येतं. अवघड असतो ऑगस्टचा पहिला-दुसरा आठवडा. सकाळ कधी झाली आणि दुपार कधी, कळत नाही, सगळं एकाच राखाडी रंगाचं. झाड तारांवर पडून वीज जाते. पोदेर सायकलवर पावाच्या टोपलीवर प्लास्टिक बांधून भोंपू वाजवत येतो आणि तो पावही मऊ पडलेला. संध्याकाळनंतर बसा कमी होतात, त्यामुळे पोरं पणजीला जायचा कंटाळा करतात आणि खोलीतच बसतात. तेव्हा घरची आठवण येते. त्या दिवसांत खोलीत एकटी बसू नकोस, एवढंच. पणजीत पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२ साली सुरू झालेलं आहे, आताची इमारत नवी आणि उजेडाची, मराठी पुस्तकं भरपूर. पुढच्या वर्षी आषाढीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला असतो. माळकऱ्याची पोर तू, बाबांना त्या दिवशी बोलाव. पावसाला भिणारी मुलगी चिखलात उभी बघितली की त्यांचं ते वाक्य तेच मागे घेतील. मग चतुर्थी येते, प्रत्येक घरात गणपतीवर माटोळी बांधली जाते, रानातली फळं-फुलं टांगलेली, आणि तिथून पुढे पाऊस उतरतीला लागतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर मे संपेपर्यंत तुला इथे छत्री शोधावी लागेल.

म्हणजे हिशेब कर. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिला पावसाळा तू येईपर्यंत अर्धा सरलेला. दुसरा एक पूर्ण. दोन वर्षांतले सहा-सात महिने ओले, बाकीचे कोरडे. ‘पावसाचं शहर’ म्हणून जे तुझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलंय ते दोन दिवसांच्या मापाने मापलेलं आहे.

तरी सगळ्यांना मी ‘या’ म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातला एक मुलगा आमच्या ग्रंथालयात यायचा. हुशार. सप्टेंबरात सामान बांधून परत गेला आणि मला वाटतं, बरं केलं. तो जे शिकत होता ते त्याच्या गावापासून तासाभरावर तितकंच चांगलं शिकायला मिळत होतं. मग रोज ओले मोजे कशासाठी घालायचे? तूही प्राणिशास्त्रच शिकायला इथे येणार असतीस तर मी म्हटलं असतं, सोलापूर गाठ, आईच्या हातचं खा.

पण तू समुद्र शिकायला निघालीस. तीन पानांच्या पत्रात त्या थेंबाला तू एक ओळ दिलीस आणि ओढणीलाही एक, म्हणून मी जरा थांबले. मी ग्रंथपाल, मला विषय शिकवता येत नाही. पण दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतली माणसं (१९६६ची संस्था ती, विद्यापीठापासून अगदी जवळ) पुस्तकं शोधत यायची, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगते. मे महिन्यात जुवारीचं पाणी आत दूरवर खारं असतं. जुलैत तीच नदी वरच्या थराला जवळजवळ गोडी होते, आणि त्या बदलाबरोबर पाण्यातले जीवही बदलतात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यापुढे खोलातलं थंड पाणी वर सरकतं, त्यात खत असतं म्हण ना, म्हणून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, माजतात. पण त्याच पाण्यात प्राणवायू कमी, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरात तळाकडे त्याची टंचाई होते. १ जून ते ३१ जुलै इथे यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद ठेवतात ती मासळीच्या विणीच्या हंगामासाठी. म्हणजे ज्या थेंबाने तुला पाऊस विसरायला लावलं, त्यात कोण राहील हे हाच पाऊस ठरवतो. सोलापुरात तो थेंब बाटलीतून येईल.

धाप लागायची म्हणतेस, ते मात्र हलक्यावारी घेऊ नकोस. बुरशीने दमा जागा होतो. निघण्याआधी तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखव, पंप लागत असेल तर बरोबर ठेव. बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय विद्यापीठाच्या जवळच आहे, तेवढी धास्ती नको. पण डॉक्टरच ‘नको’ म्हणाले तर माझं हे सगळं लिहिलेलं बाजूला ठेव. वसतिगृहात खोली निवडायला मिळाली तर पश्चिमेची खिडकी टाळ. समुद्र दिसेल या मोहाने पोरी तीच मागतात, आणि मग झड थेट गादीवर येते.

सामानाचं सांगून थांबते. सोलापूरकर म्हणून चादर आणि तो जाडजूड टर्किश टॉवेल आणशील. आणू नकोस. जुलैत ओला झालेला टॉवेल दसऱ्याला वाळतो. दोन पातळ पंचे आण. जीन्स एकच, आणि तीही ऑक्टोबरात काढ. चामड्याची चप्पल घरी ठेव, इथे रबरी घे. तीन घड्यांची नाजूक छत्री बाबांना दे, तू लांब दांड्याची घे, आणि पठारावर वारा सुटला की रेनकोटच खरा. मार्कलिस्ट लॅमिनेट करू नकोस. आत ओल अडकली तर कागद आतल्या आत कुजतो आणि तो सोडवता येत नाही. मोठी प्लास्टिकची फाइल घे, बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या मिळतात त्या दोन टाक, आणि सगळं डिजिलॉकरवर चढवून ठेव. भिजलेला कोपरा वहीच्या कोऱ्या पानांत दाबून ठेव, इस्त्री फिरवू नकोस. शाकाहारी आहेस तर श्रावणात बाजारात टाकळा, तेरे, बांबूचे कोंब येतात, ते आवर्जून खा.

शेंगाचटणी आणणारच, तर पिशवीतून नको, दोन दिवसांत तिचा गोळा होतो. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. कडक भाकरी आणायचीच असेल तर बसमधून उतरलीस की आधी सांताक्रुझला ये. त्याच दिवशी संपवू, दुसऱ्या दिवशी ती वाकते.

– माई